गाडीची टाकी घरी रंगवायची, तर पेट्रोलशी गाठ आहे

घरी रंगवलेल्या मोटरसायकलच्या टाकीची खरी परीक्षा पेट्रोल पंपावर होते. नोझल बाहेर काढताना चार थेंब झाकणाच्या कडेला सांडतात, पंपावरचा पोरगा फडक्याने ते पुसतो आणि फडक्याला रंग लागतो. असं दोन-चारदा झालं की तोंडाभोवतीचा रंग मऊ पडून सुरकुततो, पुढे पापुद्रे सुटायला लागतात. मडगार्ड किंवा साइड पॅनलच्या वाट्याला हे कधी येत नाही. म्हणून ‘मडगार्ड झकास रंगवलं, आता टाकी घेऊ’ असं म्हणणारे इथे फसतात.

रंग देताना घासायचं कसं, कॅन धरायचा किती लांब, हे सगळे विचारतात. सगळ्यात वरचा थर कशाचा असणार, हे फारसं कुणी विचारत नाही. टाकीचं आयुष्य मात्र त्याच थरावर ठरतं. तेव्हा आधी तेच बघू.

पेट्रोलमध्ये टोल्युइन, झायलीन यांसारखे घटक असतात. रंगाच्या दुकानातून आपण थिनर आणतो त्यातही हीच मंडळी असतात. म्हणजे पेट्रोल हे थोडंफार थिनरच आहे. त्यात आता इथेनॉलची भर पडली. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते उसापासूनही येतं, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज नाही. कारखान्याची चिमणी दिसत नाही असा तालुका इथे शोधावा लागेल. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि अल्कोहोल काही प्रकारच्या रंगांना फार लवकर मऊ करतं.

बाजारातले रंग वाळण्याच्या पद्धतीवरून दोन जातींचे. पहिल्या जातीत रंगातला थिनर उडून जातो आणि उरलेला राळेचा थर कडक होतो. एनसी पेंट, ज्याला गॅरेजमध्ये ड्यूको म्हणतात, तो यातला. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ते बनतं कापसापासून, नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून. गिरण्यांच्या गावाने हे लक्षात ठेवायला हरकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधे स्प्रे कॅन बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात, पण वाळण्याची तऱ्हा तीच. या रंगात रासायनिक बदल काही होत नाही. थिनर गेला म्हणून तो घट्ट झाला, थिनर परत आला की पुन्हा मऊ होणार.

दुसऱ्या जातीत रंगात हार्डनर मिसळावा लागतो. दोन्ही घटक एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि सगळा थर मिळून एकच जाळं बनतं. यालाच पेंटर पीयू (पॉलियुरेथेन) म्हणतात, काही जण टू-के म्हणतात. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवलं आणि तसंच वाळू दिलं, तर पाणी घातल्यावर ते परत मऊ होतं. भाजलेल्या भाकरीचं मात्र परत पीठ होत नाही. एनसी आणि पीयूमधला फरक एवढाच. कंपनीत टाकीचा रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात, म्हणून तो वर्षानुवर्षं पेट्रोल सोसतो. घरी भट्टी नाही, तेव्हा पेट्रोलला तोंड देणारा पीयूचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, हाच एक मार्ग उरतो. खाली रंग कुठलाही चांगला असू दे, वर साधा कॅनमधला लॅकर मारला तर टाकी दिसायला छान आणि टिकायला कच्ची.

मग घरीच पीयू मारायचा का? माझं मत: नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारल्यावर त्याचा बारीक धुरळा हवेत तरंगतो आणि श्वासातून छातीत जातो. त्यामुळे दमा जडू शकतो. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. वास येत नाही म्हणजे हवेत काही नाही, असंही समजू नये. तोंडाला बांधलेला रुमाल इथे शून्य कामाचा, आणि धुळीसाठीचा साधा मास्कही त्याची वाफ अडवत नाही. चांगल्या पेंट शॉपमध्ये रंगारी बाहेरची स्वच्छ हवा नळीने घेत फवारतो. काही कॅनच्या बुडाशी बटण असतं, ते दाबलं की आतल्या आत हार्डनर मिसळतो आणि कॅन तेवढ्यापुरता पीयूचा होतो. सोय म्हणून उत्तम, पण आयसोसायनेट तेच. घरात लहान मूल असेल, शेजारची गच्ची हाताच्या अंतरावर असेल, तर विषय तिथेच संपवावा.

म्हणून वाटणी अशी करावी: टाकी उतरवणं, घासणं, लांबी (पोचे भरायची पुट्टी), प्रायमर आणि रंग घरी, शेवटचा पीयू क्लिअर फवारणीचा बूथ आणि मास्क असलेल्या पेंटरकडे. कष्टाचा आणि वेळखाऊ भाग आपला, धोक्याचा भाग त्याचा. अशाने पैसेही बऱ्यापैकी वाचतात, कारण पेंटरच्या बिलात सगळ्यात मोठा वाटा घासकामाच्या मजुरीचा असतो. मात्र काम सुरू करण्याआधीच त्याच्याशी बोलून घ्या. ‘मालक, कॅनवर मी क्लिअर मारत नाही,’ असं कुणी म्हणाला तर तो नखरा नाही. क्लिअरमधला जोरकस थिनर खालचा जाड, अर्धवट वाळलेला कॅनचा रंग उचलतो, सगळीकडे सुरकुत्या पडतात आणि बोलणी पेंटरला बसतात. रंगाचे थर पातळ दिले असतील आणि ते पुरते वाळले असतील, तर पहिला हात हलका देऊन बरेच जण तयार होतात.

आता टाकी उतरवू.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या, म्हणजे आरएक्स १००, जुनी स्प्लेंडर, जुनी बुलेट, यांची टाकी काढणं सोपं. कॉक बंद, पाइप सुटा, मागचा बोल्ट काढला की टाकी हातात. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकांत इंजेक्शन असतं. त्यांचा पेट्रोल पंप टाकीच्या आत बसवलेला असतो आणि पाइपात दाब असतो. तिथे टाकी मेकॅनिककडून उतरवून घ्या.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, हे पटायला जड जातं. द्रव पेट्रोल पेट घेत नाही, त्याची वाफ पेट घेते, तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळलेली असेल तेव्हा. भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी आणि ती फार दाट. रिकाम्या टाकीत तळाशी उरलेलं वाटीभर पेट्रोल नेमकं ते मिश्रण तयार करतं. पेट्रोलची वाफ व्हायला उष्णता लागतच नाही. शून्याखाली ४० अंशांवरही ते पेटण्याइतकी वाफ सोडतं, मग सोलापूरच्या बेचाळीस अंशांत काय होत असेल! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे ती वर उडून न जाता फरशीवरून सरपटत जाते. जिन्याखाली टाकी रिकामी करताय आणि आतल्या खोलीत देवापुढे समई तेवतेय, किंवा बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, एवढं पुरतं.

तेव्हा इंजिन थंड असताना, उघड्यावर, धातूच्या डब्यात पेट्रोल काढा. कॉक, झाकण, फ्लोट काढून कपड्याच्या पावडरच्या पाण्याने टाकी आतून धुवा, वास जाईपर्यंत परत परत. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारून सुकवा आणि आत थोडं इंजिन ऑइल फिरवून ठेवा, नाहीतर उघड्या पत्र्यावर लगेच गंज धरतो. आत आधीच गंज असेल तर त्याचा बंदोबस्त बाहेरच्या रंगाआधी करायचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते दोघं पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि म्हणूनच बराच काळ उभ्या असलेल्या गाडीची टाकी कॉकजवळ खालून सडते. सुईएवढं भोक दिसलं तर त्यावर एम-सील लावून रंग देण्यात अर्थ नाही. आजूबाजूचा पत्रा कागद झालेला असतो. आणि धुतलेली असली तरी टाकीला वेल्डिंगची ठिणगी लागू द्यायची नाही. ते काम करणारे वेगळे कारागीर असतात, त्यांची तयारी वेगळी असते.

घासताना पहिला मोह असतो सगळा जुना रंग खरवडून लख्ख पत्रा काढायचा. तो आवरा. कंपनीचा भाजलेला प्रायमर पत्र्याला जसा धरून असतो तसा घरचा कुठलाच प्रायमर धरत नाही. जुना रंग घट्ट असेल तर ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरने त्याची चमक तेवढी मारायची. रंगाला पकड मिळण्यासाठी इतके बारीक ओरखडे पुरतात. पापुद्रे सुटलेत तिथे मात्र १२० पासून सुरुवात करून पत्र्यापर्यंत जा, आणि कडा अशी उतरती करा की बोटाला पायरी लागणार नाही.

एक चाचणी याच्याआधी करा. टाकीच्या बुडाला, दिसणार नाही अशा जागी, थिनरमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट दाबून धरा. रंग कापसाला लागला तर गाडीवर आधी कुणीतरी एनसी मारलेला आहे. रंग फुगून सुरकुतला तर घरच्या खिडक्यांना देतात तो ऑइल पेंट आहे. अशावेळी वरचा नवा रंग खालच्याला उकळवणार हे नक्की, म्हणून तो पूर्ण काढावाच लागतो. काही झालं नाही तर कंपनीचा किंवा पीयूचा रंग आहे, निर्धास्त पुढे जा. रेड ऑक्साइड हा ग्रिल-गेटचा प्रायमर आहे, त्याला टाकीपासून लांब ठेवा. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर सगळ्यात बरा, पण त्याच्याही डब्यावरची सूचना वाचून, उघड्यावर आणि योग्य मास्क लावूनच.

टाकी आतून ठोकता येत नाही, त्यामुळे पोचा भरायचा तो लांबीनेच. पॉलिस्टर लांबीत हार्डनर वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास पडतो. उन्हाळ्यात इथे ती पाच मिनिटांत दगड होते, म्हणून सुपारीएवढीच कालवा. लवकर वाळावी म्हणून हार्डनर वाढवलात तर तोच पुढे रंगातून डाग होऊन वर येतो. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर चढवू नका. आणि ही लांबी कोरडीच घासायची. ती पाणी पिते, प्यायलेलं पाणी रंगाखाली अडकतं, आणि पुढे तिथे फोड येतात. बोटांनी कागद दाबून घासलं तर बोटांच्या रेषांचे चर पडतात. टाकीच्या गोलाईला जुन्या स्लीपरचा तुकडा कागदाखाली धरावा, बाजारातला कुठलाही ब्लॉक इतका छान वळत नाही. प्रायमर दिल्यावर त्याच्यावर काळ्या रंगाचा नुसता शिडकावा मारून घासा. जिथे काळं उरलं तिथे खोलगट आहे. डोळ्यांना दिसत नाही ते हे काळं दाखवतं, आणि चकचकीत क्लिअर चढल्यावर शेजाऱ्यालाही दिसलं असतं.

आता सोलापूरचं पाणी. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून घासकाम साहजिकच बोअरच्या पाण्यावर होतं, आणि ते जड. त्याचे थेंब टाकीवर वाळले की क्षार मागे राहतात. रंगाच्या थरातून ओलावा हळूहळू आत शिरतो, क्षार तो धरून ठेवतात, आणि काही महिन्यांनी बारीक पुरळ उठल्यासारखा रंग वर येतो. घासायला बोअरचं चालेल. शेवटचं धुणं मात्र आरओच्या तांब्याभर पाण्याने करा आणि लगेच पुसा. पुसायला घरचा टॉवेल घेऊ नका. सोलापुरी टेरी टॉवेल अंग पुसायला जगात भारी, पण त्याचे तंतू सुटतात. बिनतंतूचं, धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड घ्या. शहराच्या पूर्व भागात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांना हवेतल्या सुताच्या भुशाचीही काळजी आहे; त्यांनी लूम बंद असतील तो दिवस निवडावा.

पुसून झाल्यावर टाकीला उघडा हात लावायचा नाही. बोटाचं तेल दिसत नाही, पण तिथे रंग धरत नाही. शेंगाचटणी-भाकरी खाऊन आलेला मित्र ‘बघू की रे’ म्हणत टाकीवर हात फिरवणारच, त्याला लांब बसवा. गाडी चमकवण्याच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, त्याचा अंश राहिला तर ओला रंग तिथून मागे सरतो आणि गोल गोल डोळे पडतात. घासण्याआधीच ते पावडरच्या पाण्याने आणि ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने काढायचं, कारण आधी घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांत आणखी रुतून बसतं.

हवामानाचं गणित इथे उन्हाळ्याच्या उलट चालतं. लोकांना वाटतं मे महिना उत्तम, रंग चटकन वाळतो. तो इतका चटकन वाळतो की कॅनमधून निघालेला थेंब टाकीवर पोचेपर्यंतच अर्धा सुकतो. पसरत नाही, आणि हाताला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. पावसाळ्यात उलटी अडचण. उडणारा थिनर पत्र्याला गार करतो, गार पत्र्यावर हवेतला दमटपणा बसतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते. सोलापुरात सप्टेंबरमध्ये चांगला पाऊस असतो, तेव्हा गणपतीनंतर लगेच हात घालू नका. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत, दव उडाल्यावर आणि ऊन चढायच्या आत, सकाळी नऊ ते अकरा ही वेळ सोन्यासारखी. होम मैदानाच्या आसपास राहत असाल तर संक्रांतीच्या गड्ड्याचे, म्हणजे यात्रेचे दिवस सोडा, तेव्हा हवेत धुरळाच फार.

गच्चीवर वारा, खोलीत वाफ. मधला मार्ग म्हणजे तीन बाजूंनी आडोसा असलेला व्हरांडा किंवा पार्किंगची जागा, आणि आधी फरशीवर पाण्याचा सडा, म्हणजे धूळ बसते. विडी, गॅस, ठिणगी काही जवळ नको. कॅनमधून रंग ढकलणारा वायूही पेटणारा असतो. मास्क सेंद्रिय वाफेच्या काडतुसाचा घ्या, साध्या रंगालाही.

टाकीची भोकं बंद करून ती उंच ठेवा, म्हणजे बुडालाही रंग पोचेल. कॅन आतली गोळी खुळखुळायला लागल्यावर दोन मिनिटं हलवा. अंतर वीतभर, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर. बटण टाकीच्या बाहेर दाबायचं, हात टाकीवरून सरळ न्यायचा, आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं. मध्येच थांबलात की तिथे ओघळ. पुढचा पट्टा आधीच्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिला हात धुक्यासारखा, खालचं दिसत राहील असा. दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. अख्ख्या जाडीचा हिशोब मायक्रॉनमध्ये आहे. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून १०० मायक्रॉनच्या आसपास भरतात, साधारण केसाच्या दीडपट. जाड रंग म्हणजे मजबूत रंग ही भिंतीची समजूत आहे. ओघळ आलाच तर बोट लावू नका, वाळू द्या, ८०० ने घासून पुन्हा एक हात द्या.

पहिल्यांदाच करत असाल तर साधा काळा, लाल किंवा पांढरा घ्या. मेटॅलिकमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या कपच्या असतात, त्या कशा आडव्या पडतात यावर रंगाची छटा ठरते. एका बाजूला कॅन जवळ धरला, दुसरीकडे लांब, तर एकाच टाकीवर दोन रंग दिसतात, आणि ते पॉलिशने सुधारत नाही.

रेडियम लावायचं असेल, ‘आई’ असो की कंपनीचं नाव, ते रंगावर आणि क्लिअरखाली. वर लावलं तर कडेतून पेट्रोल शिरून सुटतं. पेंटरकडे टाकी देताना एकच गोष्ट बजावून सांगा: क्लिअर टाकीच्या तोंडाच्या आतल्या कडेपर्यंत, झाकणाचा रबर बसतो त्याच्या खालपर्यंत गेला पाहिजे. बरेच जण सोयीसाठी तोंडाच्या बाहेरच टेप मारतात. मग क्लिअरची उघडी कड नेमकी थेंब पडतात तिथे येते, आणि पेट्रोल त्या कडेखालून घुसून चांगल्या पीयूलाही उचलतं.

टाकी परत आली की आठवडाभर पेट्रोल भरायचं नाही. हाताला सुकलेली वाटली तरी आतली साखळी जुळायला तेवढा वेळ लागतो, थंडीत थोडा जास्तच. मेण-पॉलिश महिन्यानंतर. उरलेला रंग काचेच्या छोट्या बाटलीत भरून, वर रंगाचा कोड लिहून ठेवा, किल्लीचा ओरखडा आज ना उद्या येणारच.

आरसीवर गाडीच्या रंगाचीही नोंद असते. लाल गाडी निळी करणार असाल तर आरटीओत अर्ज करून ती नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी किंवा एमएच-१३ ची गाडी विकताना कागद आणि गाडी जुळत नाहीत. काळ्या टाकीवर काळाच रंग देणाऱ्याला यातलं काही करावं लागत नाही.